एका द्राक्ष निर्यातदाराच्या सात सर्व्हरचे एकत्रीकरण

पार्श्वभूमी

मुंबई-आग्रा महामार्गालगत, नाशिक शहरापासून तासाभराच्या अंतरावर, युरोपला द्राक्षे पाठवणारे एक पॅकहाउस, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरण्याची जागा, आहे. मालक, गाव आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशा बेताने हे प्रकरण लिहिले आहे. आमची तिघांची तुकडी नाशिकमध्ये बसून या पॅकहाउसची सॉफ्टवेअर प्रणाली सांभाळते. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याच आमच्याच आहेत.

या धंद्याचे वेळापत्रक सॉफ्टवेअरवाल्याच्या सोयीने चालत नाही. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते, जानेवारीत निर्यातीच्या मालाची काढणी जोर धरते आणि एप्रिलमध्ये हंगाम आटोपतो. त्या तीन-चार महिन्यांत प्रणालीला हात लावण्याची कोणाची छाती नसते आणि उरलेल्या काळात ती कोणी वापरत नसल्यामुळे तिच्यातला बिघाड दिसत नाही. ही दुसरी गोष्ट आम्हाला नंतर बरीच महागात पडली.

निर्यातीच्या द्राक्षाला कागदांची साखळी लागते. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीमुळे २००६ पासून बागेचा प्लॉट, त्यातून घेतलेला नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कंटेनरमधला माल यांची सांगड घालणे भाग पडले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. जिल्ह्यातल्या जुन्या निर्यातदारांसमोर आजही ‘रेसिड्यू’ (फळात उरलेला रसायनाचा अंश) हा शब्द काढला की बोलणे त्या वर्षावर जाते. शिवाय युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेहून कडक मर्यादा स्वतः ठरवतात आणि त्यासाठी वेगळी तपासणी मागतात. ग्रेपनेटवर पास झालेला प्लॉट या दुसऱ्या तपासणीत अडू शकतो, आणि तो अडला आहे हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी निर्यातदाराच्या स्वतःच्या प्रणालीवर येते.

ही स्वतःची प्रणाली म्हणजे सात छोटे सर्व्हर होते: प्लॉट नोंदणी, काढणीचे नियोजन, दारातला वजनकाटा, रेसिड्यू अहवाल, पॅकिंग, थंडगृहाचे तापमान आणि डिस्पॅचची कागदपत्रे. सातही पायथन या भाषेत लिहिलेले होते, त्यांतले पाच फास्टएपीआय या वेब-चौकटीवर आणि दोन जुने फ्लास्क या दुसऱ्या चौकटीवर. वजनकाट्याचा सर्व्हर पॅकहाउसमधल्या एका साध्या संगणकावर चालत असे, बाकीचे सहा भाड्याच्या एका क्लाउड मशीनवर. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा होता, पण सहाही डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एकाच स्थापनेत नांदत होते. अशी रचना कोणी ठरवून केलेली नव्हती. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर एक गरज उभी राहायची, त्या वेळी हाताशी असलेला माणूस एक सर्व्हर लिहून द्यायचा आणि पुढच्या वर्षी तो माणूस बदललेला असायचा. संस्थेतली माणसे आपसात जशी बोलतात तशीच तिच्या प्रणालीची रचना होते, असे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते. आमच्याकडे ते शब्दशः खरे ठरले. पॅकिंग विभाग आणि प्रयोगशाळेचे काम पाहणारी माणसे एकमेकांशी फोनवर, गरजेपुरते बोलत. त्यांचे सर्व्हरही तसेच बोलत.

अडचण

मार्चमधल्या एका रात्री कंटेनर भरला जात होता. डिस्पॅचच्या सर्व्हरने पॅकिंगच्या सर्व्हरला विचारले, ‘हा लॉट पाठवायला मोकळा आहे का?’ पॅकिंगच्या सर्व्हरने तोच प्रश्न रेसिड्यूच्या सर्व्हरला केला. पाच सेकंदांत उत्तर आले नाही. अशा वेळी काय करायचे हे पॅकिंगच्या कोडमध्ये लिहिलेले होते: चूक झाली तर नोंदवहीत एक ओळ लिहावी आणि शेवटचे माहीत असलेले उत्तर पुढे द्यावे. शेवटचे माहीत असलेले उत्तर सकाळचे होते, आणि ते ‘मोकळा’ असे होते. त्याच संध्याकाळी ग्राहकाने मागितलेल्या दुसऱ्या तपासणीचा अहवाल आला होता आणि त्यात एका बुरशीनाशकाचा अंश ग्राहकाच्या मर्यादेपेक्षा जास्त होता.

माल गेला नाही, कारण लोडिंगवर उभ्या असलेल्या सुपरवायझरने त्या अहवालाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाहिला होता आणि प्लॉटचा क्रमांक त्यांच्या डोक्यात राहिला होता. भरलेल्या पॅलेट बाहेर काढाव्या लागल्या, कंटेनर काही तास उशिरा निघाला आणि न्हावाशेवा बंदराची वेळ जेमतेम गाठली गेली. ‘अहो, तुमच्या स्क्रीनवर हिरवं दिसतंय, माझ्या मोबाइलवर लाल. मी कोणाचं ऐकायचं?’ असे त्यांनी रात्री दीड वाजता फोनवर विचारले. त्या प्रश्नाला त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी शोध घेतला तेव्हा दोन वेगवेगळी कारणे एकमेकांवर चढलेली दिसली. पहिले कारण साध्या गणिताचे होते. पोस्टग्रेस मूळ मांडणीत एका वेळी १०० जोडण्या स्वीकारते आणि त्यांतल्या ३ व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. आमचे सहा सर्व्हर प्रत्येकी दोन वर्करवर (एकाच कोडच्या समांतर प्रतींवर) चालत होते, आणि प्रत्येक वर्करमधला एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीचा पूल, म्हणजे डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा, मूळ मांडणीप्रमाणे ५ जोडण्या बाळगतो व गरज पडली तर आणखी १० उघडतो. सहा गुणिले दोन गुणिले पंधरा म्हणजे १८०. एरवी इतकी गर्दी होत नसे, पण त्या रात्री झाली आणि रेसिड्यूच्या सर्व्हरला जोडणीच मिळाली नाही. डेटाबेस वेगळे आहेत म्हणजे मर्यादाही वेगळ्या आहेत, असा आमचा समज होता. मर्यादा संपूर्ण स्थापनेची असते.

दुसरे कारण जास्त खोल होते. उत्तर न येणे म्हणजे होकार, हे कोणीही बैठकीत ठरवलेले नव्हते. हंगामाच्या घाईत पॅकिंगची स्क्रीन सारखी अडकू नये म्हणून कोणीतरी त्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मीच तपासून मंजूर केल्या होत्या, आणि मंजूर करताना माझ्या मनात स्क्रीन अडकण्याचाच विचार होता, लॉटचा नव्हता.

तपासलेले पर्याय

त्याच दिवशी दोन दुरुस्त्या झाल्या. उत्तर आले नाही तर लॉट ‘थांबवलेला’ दिसेल असा बदल केला आणि प्रत्येक सर्व्हरचे पूल आखडते घेतले. उरलेला हंगाम त्यावर निभावला. मे महिन्यात आम्ही एकत्रीकरणाचा प्रस्ताव घेऊन गेलो तेव्हा मालकांनी सरळ विचारले, ‘दुरुस्ती झाली ना? मग चालू गाडी खोलायची कशाला?’

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की आणखी एखादा हंगाम त्या डागडुजीवर निघालाही असता. आमची काळजी वेगळी होती. लॉट मोकळा असणे आणि त्याच्या प्लॉटचा अहवाल अडलेला असणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असता कामा नयेत. परंतु त्या दोन निरनिराळ्या डेटाबेसमध्ये राहत असल्यामुळे त्यांच्यावर एकत्र पहारा ठेवण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे नव्हते. पोस्टग्रेसमध्ये एका डेटाबेसमधले कोष्टक दुसऱ्या डेटाबेसमधल्या कोष्टकाशी फॉरेन की (इथल्या नोंदीची जोडीदार नोंद तिथे असलीच पाहिजे असे बंधन) लावून बांधता येत नाही. सर्व्हरने सर्व्हरला विचारायचे आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा, एवढेच हाती होते. आणि विचारल्यानंतर व कंटेनरवर शिक्का बसण्यापूर्वी परिस्थिती बदलली तर ते कळायला मार्ग नव्हता.

सर्व्हर वेगळेच ठेवून मध्ये संदेशांची रांग बसवावी, हा पहिला पर्याय होता. मोठ्या संस्थेत आम्ही तोच निवडला असता. परंतु तिघांच्या तुकडीला सात सर्व्हर जड जात असताना आठवा सांभाळायला घेणे शहाणपणाचे वाटले नाही. सगळे नव्याने लिहावे हा दुसरा पर्याय आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याला प्रिय होता. मे ते डिसेंबर या आठ महिन्यांत सात वर्षांचे बारकावे पुन्हा लिहून होतील असे मला वाटले नाही, आणि तो मुद्दा फारसा वाद न होता मिटला.

उरला तिसरा: आहेत ते सर्व्हर तसेच उचलून एका मोठ्या ॲप्लिकेशनमध्ये उपविभाग म्हणून बसवायचे, प्रत्येकाला पत्त्याचा वेगळा उपसर्ग द्यायचा, नंतर डेटाबेस एक करायचा आणि शेवटी त्यांच्यातले नेटवर्कवरचे संभाषण साध्या फंक्शनच्या हाकेत बदलायचे. या पर्यायाच्या बाजूने बोलताना सहकाऱ्याने प्राइम व्हिडिओचे २०२३ मधले उदाहरण दिले. तिथल्या एका तुकडीने प्रसारणाची गुणवत्ता तपासणारे विखुरलेले घटक एकाच प्रक्रियेत आणून खर्च ९० टक्क्यांहून अधिक कमी केला होता. उदाहरण खरे असले तरी आमच्या कामाचे नव्हते. आमचे क्लाउडचे बिल मुळातच लहान होते. आम्हाला पैसे वाचवायचे नव्हते, एका व्यवहारात दोन गोष्टी बांधायच्या होत्या. कारण चुकीचे धरले असते तर पुढचे निर्णयही चुकले असते, म्हणून हे त्याच बैठकीत लिहून ठेवले.

काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे

पहिल्या आराखड्यात सातही सर्व्हर आत होते. कागदावर ते नीटनेटके दिसत होते. चार आठवडे आम्ही त्याच समजुतीने काम केले आणि पाचव्या आठवड्यात पॅकहाउसवर जाऊन वजनकाट्यावर बसणाऱ्या अण्णांना आराखडा दाखवला. त्यांनी संगणकाकडे न पाहता दाराकडे बोट केले. ‘साहेब, लाइट जाऊ द्या नाहीतर तुमचं नेट जाऊ द्या, बागेतून निघालेली गाडी माघारी जात नाही. ती इथंच उभी राहते. मला वजन लिहायलाच लागतं.’

त्या एका वाक्याने आराखडा बदलला. तोवर आम्ही कोणते सर्व्हर एकमेकांशी जास्त बोलतात एवढेच मोजत होतो. त्यानंतर दोन प्रश्न ठेवले. बाकी सगळे बंद पडले तरी काय चालू राहिले पाहिजे? आणि कोणत्या दोन नोंदी एकमेकींशी विसंगत राहता कामा नयेत? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात वजनकाटा आणि थंडगृहाचे तापमान बाहेर राहिले. तापमानाचे कारण असे की ग्राहक शीतसाखळीची अखंड नोंद मागतो, आणि मुख्य ॲप्लिकेशन नवी आवृत्ती चढवण्यासाठी बंद केले म्हणून त्या नोंदीत खळगा पडणे परवडणारे नव्हते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात नोंदणी, नियोजन, रेसिड्यू, पॅकिंग आणि डिस्पॅच हे पाच आत आले. वजनकाटा स्वतःच्या संगणकावर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंद करील आणि नेट आल्यावर ती पुढे पाठवील असे ठरले. प्रत्येक वजनाला तिथेच एक अद्वितीय क्रमांक दिल्यामुळे तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी एकदाच धरली जाते.

एकत्रीकरणाचे काम

एका ॲप्लिकेशनवर दुसरे चढवणे फास्टएपीआयमध्ये एका ओळीचे काम आहे. ती ओळ पहिल्याच दिवशी लिहून झाली आणि पुढचे दोन महिने तिच्या परिणामांत गेले.

पहिली ठेच नावांची लागली. पाचही सर्व्हरमध्ये ‘कॉन्फिग’, ‘मॉडेल्स’ आणि ‘युटिल्स’ या नावांच्या फायली होत्या. वेगळ्या घरांत राहणाऱ्या पाच भावांनी आपापल्या मुलाचे नाव बाळ ठेवावे तसे ते चालून गेले होते. पायथन एकदा आणलेले मॉड्यूल नावानिशी लक्षात ठेवते आणि त्याच नावाने पुन्हा मागितले तर तेच परत देते. त्यामुळे नियोजनाच्या भागाने स्वतःचे कॉन्फिग मागितले की त्याला नोंदणीचे मिळे, आणि तो नोंदणीच्या डेटाबेसमध्ये आपली कोष्टके शोधत बसे. सुदैवाने कोष्टके सापडली नाहीत म्हणून चूक लगेच ओरडली. दोन्हीकडे एकाच नावाचे कोष्टक असते तर ती गप्प राहिली असती. प्रत्येक भाग स्वतःच्या पॅकेजमध्ये हलवून सगळे इम्पोर्ट (दुसरे मॉड्यूल मागवणाऱ्या ओळी) पूर्ण नावाने लिहिणे हाच उपाय होता. काम कंटाळवाणे, पण टाळता येण्यासारखे नव्हते.

दुसरी ठेच लायब्ररींच्या आवृत्त्यांची. वेगळ्या सर्व्हरमध्ये वेगळ्या आवृत्त्या सुखाने राहतात, एका प्रक्रियेत मात्र एकच राहू शकते. आमच्याकडे पायडँटिक या माहिती तपासणाऱ्या लायब्ररीच्या १ आणि २ अशा दोन्ही आवृत्त्या होत्या. २ वर जाताना एक बदल आमच्या वाचनातून निसटला: जो रकाना ‘असेल किंवा नसेल’ असा घोषित केला आहे पण ज्याला मूळ किंमत दिलेली नाही, तो जुन्या आवृत्तीत ऐच्छिक धरला जाई आणि नव्या आवृत्तीत तो पाठवणे बंधनकारक होते. बागायतदाराचा दुसरा मोबाइल क्रमांक हा असाच रकाना होता. ऑगस्टमधल्या चाचणीत क्षेत्र अधिकाऱ्यांच्या फोनवरून एकही नवी नोंदणी जाईना, कारण एकाही बागायतदाराने दुसरा क्रमांक दिलेला नव्हता.

तिसरी ठेच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रेसिड्यूचा सर्व्हर सुरू होताना एक चक्र सुरू करीत असे, जे दर दहा मिनिटांनी ईमेल उघडून प्रयोगशाळेचे नवे अहवाल आत घेई. एक ॲप्लिकेशन दुसऱ्यात बसवले की आतल्या ॲप्लिकेशनचे ‘सुरू होताना हे कर’ असे लिहिलेले काम आपोआप चालत नाही. फक्त बाहेरच्याचे चालते. म्हणजे ते चक्र सुरूच झाले नव्हते. कुठेही चूक नोंदली गेली नाही, स्क्रीन व्यवस्थित उघडत होती, जुने अहवाल दिसत होते, आणि नवे अहवाल येत नव्हते. जून महिन्यात नवे अहवाल येत नाहीत यात कोणाला काय वावगे वाटणार? बागेत घडच नव्हते. तब्बल तीन आठवड्यांनी, एका वेगळ्याच कारणासाठी, सहकाऱ्याने चाचणीचा एक ईमेल पाठवला तेव्हा हे उघडकीस आले. मार्चच्या रात्रीच्या चुकीचीच ही दुसरी आवृत्ती होती: काही न येणे म्हणजे सगळे ठीक, असे आम्ही पुन्हा धरून चाललो होतो.

दुरुस्ती करताना आणखी एक पेच आला. ते चक्र बाहेरच्या ॲप्लिकेशनमध्ये हलवले तर प्रत्येक वर्कर स्वतःचे चक्र सुरू करी आणि एकच अहवाल चारदा आत येई. शेवटी ते काम मुख्य ॲप्लिकेशनबाहेर, पण त्याच कोडमधून चालणाऱ्या एका स्वतंत्र प्रक्रियेत ठेवले आणि तिच्यावर एक साधा नियम बसवला: दर तपासणीनंतर ती ‘मी पाहिले’ अशी वेळ नोंदवते, आणि अर्ध्या तासात नवी वेळ आली नाही तर आम्हा तिघांनाही संदेश जातो.

फ्लास्कवरचे दोन जुने भाग, म्हणजे नोंदणी आणि नियोजन, मध्ये एक अनुवादक थर घालून बसवले. त्यांच्या पानांवरचे चित्रांचे आणि शैलीचे पत्ते मुळापासून लिहिलेले असल्याने उपसर्ग लागताच पाने उघडीवाघडी दिसू लागली. ते काम दोन दिवसांत झाले.

डेटाबेसचे एकत्रीकरण

पाच डेटाबेसची एका डेटाबेसमधली पाच स्कीमा, म्हणजे वेगळे कप्पे, करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होते. प्रत्येक डेटाबेस उतरवायचा, नव्या ठिकाणी चढवायचा, ‘पब्लिक’ या स्कीमाचे नाव बदलून त्या भागाचे नाव द्यायचे आणि पुढचा घ्यायचा. अवघड पुढेच होते. पॅकिंगमधल्या लॉटला नोंदणीतल्या प्लॉटशी फॉरेन कीने बांधायला गेलो तर पोस्टग्रेसने नकार दिला, कारण नोंदणीत अस्तित्वातच नसलेल्या प्लॉटचे लॉट पॅकिंगमध्ये होते. कुठे क्रमांकाच्या शेवटी मोकळी जागा होती, कुठे शून्याऐवजी इंग्रजी ओ अक्षर, कुठे गेल्या हंगामाचा क्रमांक. इतकी वर्षे दोन्ही सर्व्हर आपापल्या जागी बरोबर होते. आम्ही बंधन आधी ‘अप्रमाणित’ म्हणून लावले, ज्यामुळे नव्या नोंदी तपासल्या जातात आणि जुन्यांना सूट मिळते. मग जुन्या नोंदी पॅकहाउसमधल्या ताईंच्या मदतीने दोन आठवड्यांत निवडून काढल्या आणि बंधन प्रमाणित केले.

याच कामात ‘लॉट’ या शब्दाचे तीन अर्थ समोर आले. रेसिड्यूवाल्यांचा लॉट म्हणजे एका प्लॉटचा नमुना, पॅकिंगवाल्यांचा लॉट म्हणजे एका दिवसाच्या पॅलेटचा गट आणि डिस्पॅचचा लॉट म्हणजे कंटेनरच्या यादीतली एक ओळ. म्हणजे ‘हा लॉट मोकळा आहे का’ या मार्चमधल्या प्रश्नात विचारणारा एक गोष्ट विचारत होता आणि उत्तर देणारा दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होता. तिन्हींना आम्ही नमुना, पॅक-लॉट आणि कंटेनर-ओळ अशी नावे दिली. पॅकहाउसमधली माणसे अजूनही तिन्हींना लॉटच म्हणतात, आणि बोलताना त्यांचा गोंधळ होत नाही. गोंधळ कोडचा होत होता.

यानंतर मूळ नियम लिहिणे शक्य झाले. कंटेनर-ओळ बंद करताना तिच्यातले सर्व पॅक-लॉट आणि त्यांच्या प्लॉटची तपासणी-स्थिती एकाच व्यवहारात कुलूपबंद केली जाते. त्याच क्षणी नवा अहवाल आला तर त्याला थांबावे लागते, आणि तो आधी आला असेल तर ओळ बंद होत नाही. ज्या प्लॉटची स्थिती माहीत नाही तो थांबवलेला धरला जातो. कोडच्या वीसेक ओळींचा हा नियम आहे. बाकीचे सगळे महिने त्याला जागा करून देण्यात गेले.

एका प्रक्रियेत आल्यावर भागांमधल्या भिंती विरघळण्याचा धोका असतो. घाईत कोणीतरी डिस्पॅचमधून थेट रेसिड्यूच्या कोष्टकात लिहील, आणि वर्षभरात पाच खोल्यांचा एकच गोंधळलेला हॉल होईल. म्हणून प्रत्येक भागाने इतरांसाठी उघडलेली फंक्शन एका फायलीत ठेवली आणि त्यापलीकडचे काही आणले तर इम्पोर्ट-लिंटर हे साधन बदल स्वीकारू देत नाही अशी व्यवस्था केली.

रंगीत तालीम आणि हंगाम

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या क्रेट घेऊन दिवसभराची तालीम केली. हा खर्च मालकांना पटवायला वेळ लागला, पण तिने एकाच चुकीत स्वतःची किंमत वसूल केली. पॅकिंगच्या हातातले स्कॅनर जुन्या पत्त्यावर माहिती पाठवत होते आणि आम्ही तिथून नव्या पत्त्याकडे ३०१ या क्रमांकाने वळवणूक केली होती. अशा वळवणुकीनंतर अनेक साधने ‘पाठवण्याची’ विनंती बदलून ‘मागण्याची’ करतात. स्कॅनर यादी मागत होते, यादी मिळत होती, हिरवा दिवा लागत होता आणि एकही क्रेट नोंदली जात नव्हती. ३०८ या क्रमांकाने विनंतीचा प्रकार कायम राहतो. एका आकड्याने प्रश्न सुटला. काढणी सुरू झाल्यावर हे कळले असते तर काय झाले असते, याची चर्चा त्या दिवशी चहाच्या टपरीवर बराच वेळ चालली.

हंगामात मुख्य नियम नीट चालला. ग्राहकाच्या तपासणीत अडलेले प्लॉट कंटेनर-ओळीत शिरू शकले नाहीत आणि दोन पडद्यांवर दोन रंग दिसल्याची तक्रार आली नाही. जोडण्यांचे गणितही बसले: चार वर्करच्या साठ आणि तापमानाच्या एका वर्करच्या पंधरा अशा जास्तीत जास्त ७५ जोडण्या, म्हणजे ९७ च्या आत.

परंतु एकत्र येण्याची किंमतही दिसली. फेब्रुवारीत एका दुपारी सगळेच ॲप्लिकेशन अडखळू लागले. डिस्पॅचचा भाग कंटेनरच्या कागदपत्रांची पीडीएफ बनवत होता आणि ते काम असिंक फंक्शनमध्ये (इतर कामांना वाट मोकळी ठेवणाऱ्या प्रकारात) असूनही प्रत्यक्षात वाट अडवणारे होते. पूर्वी त्याने फक्त डिस्पॅच मंदावायचे, आता तीच वाट पाचही भागांची होती. ते फंक्शन साधे करून थ्रेडच्या पूलमध्ये (समांतर धाग्यांच्या गटात) ढकलले तेव्हा वेग सुधारला, पण स्मृतीचा वापर चढत गेला आणि एका रात्री संपूर्ण ॲप्लिकेशन काही मिनिटांसाठी बंद पडले. वेगळ्या सर्व्हरच्या काळात असे पाचही एकदम कधी बंद पडले नव्हते. हंगाम संपण्याआधीच पीडीएफचे काम आम्ही पुन्हा बाहेर, वेगळ्या प्रक्रियेत नेले. वजनकाटा त्या काही मिनिटांत चालू होता. अण्णांना बंद पडल्याचे दुसऱ्या दिवशी आमच्याकडूनच कळले.

दुसरी किंमत माणसांची होती. ‘माहीत नाही म्हणजे थांबवलेला’ या नियमामुळे अहवाल उशिरा आले की पॅलेट थंडगृहात अडकून राहू लागल्या आणि डिस्पॅचमधून नियम सैल करण्याची मागणी आली. दोन जबाबदार माणसांनी कारण लिहून संमती दिली तर लॉट सोडता येईल अशी वाट आम्ही ठेवली. यावर आमच्यात एकमत झाले नाही. सहकाऱ्याच्या मते ही वाट म्हणजे त्या जुन्या चार ओळीच नव्या वेषात आहेत. माझ्या मते फरक आहे: आता होकार देणाऱ्याचे नाव नोंदले जाते.

वेगळे काय करता आले असते

डेटाबेस आधी एक करायला हवा होता. आम्ही आधी प्रक्रिया एक केली, कारण ती डोळ्यांना दिसते आणि मालकांना दाखवता येते. त्यामुळे पहिले दोन महिने नावांच्या, आवृत्त्यांच्या आणि न सुरू झालेल्या चक्राच्या सगळ्या अडचणी अंगावर आल्या आणि ज्यासाठी हा खटाटोप होता ती बांधणी ऑक्टोबरपर्यंत झालीच नाही. पाचही सर्व्हर वेगळे ठेवूनही एका डेटाबेसमधल्या पाच स्कीमांवर चालले असते, आणि तेवढ्यावरच मूळ धोका बराचसा संपला असता. प्रक्रिया एक करण्याची गरज नंतर शांतपणे तपासता आली असती. ती निघाली असती असे मला वाटते, पण खात्रीने सांगता येत नाही.

‘लॉट’चे अर्थ पहिल्या आठवड्यात विचारायला हवे होते. त्याला कोड लागत नव्हता, तीन विभागांतली तीन माणसे एका टेबलाशी बसवायला लागत होती. अण्णांकडेही पाचव्याऐवजी पहिल्या आठवड्यात जायला हवे होते. चार आठवड्यांचे काम वाचले असते. हंगामाबाहेर चाचणी करताना गेल्या हंगामातल्या एका दिवसाचे ईमेल, वजने आणि स्कॅन पुन्हा सोडण्याची सोय मे महिन्यातच करायला हवी होती. ती आता केली आहे, आणि दर बदलानंतर मार्चमधला तो एक दिवस आमच्या चाचणी यंत्रावर पुन्हा घडतो: अहवाल संध्याकाळी येतो आणि कंटेनर-ओळ रात्री बंद होते की नाही हे पाहिले जाते.

तापमानाचा सर्व्हरही आत घ्यावा असे मालकांनी यंदा पुन्हा सुचवले आहे, कारण त्यांना एकाच पडद्यावर सगळे पाहायचे आहे. पडदा एक करून देण्याचे आम्ही कबूल केले आहे. सर्व्हर मात्र वेगळाच राहणार आहे.